मोह आणि परीक्षा



प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी आपण दरवर्षी अरण्यातल्या येशूविषयी ऐकतो. त्या प्रसंगाला आपण 'मोह' म्हणतो. जुन्या मराठी बायबलमध्ये तेथे 'परीक्षा' असा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दात दोन्ही अर्थ आहेत. लातूर-नांदेडच्या माणसाला परीक्षा म्हणजे काय हे सांगायला नको. मुलाला लातूरला खोली करून द्यायची, मेसचा डबा लावायचा, शेताचा तुकडा विकून शिकवणीची फी भरायची, आणि रात्री कुटुंबप्रार्थनेत बायबल उघडायचे.

अशा घरांतून आम्हाला नेहमी विचारले जाते, "फादर, रोज वचन वाचतो, तरी मोह का येतो?" या प्रश्नामागे वचन म्हणजे ताईत, अशी समजूत आहे. पेपरच्या आदल्या रात्री उशाखाली बायबल ठेवणारी मुले आहेत. डोळे मिटून पान उघडायचे आणि बोट पडेल ते वचन देवाचा कौल मानायचे, असे करणारी मोठी माणसेही आहेत. (कौल लावण्याची जुनी सवय बाप्तिस्म्याने सुटत नाही!)

पण मत्तयाचा चौथा अध्याय नीट वाचला तर ही समजूत टिकत नाही. मंदिराच्या शिखरावर सैतान देवाची निंदा करत नाही. तो स्तोत्र ९१ म्हणून दाखवतो. त्याला ते पाठ आहे. मात्र देवदूत तुला सांभाळतील असे सांगताना 'तुझ्या सर्व मार्गांत' हे शब्द तो गाळतो. बाराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी प्रायश्चित्तकाळात या एका स्तोत्रावर १७ प्रवचने दिली, आणि नेमके या गाळलेल्या शब्दांवर बोट ठेवले. शिखरावरून उडी घेणे हा मार्गच नाही, मग तेथे राखणीचे वचन कसे लागू पडेल?

हे सारे आपल्यापासून दूरचे नाही. ५ मे २०२४ रोजी वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा झाली. पुढच्याच महिन्यात पेपरफुटीच्या प्रकरणात नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तक्रारीवरून लातूरमध्ये गुन्हा नोंदवला गेला, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांवर आरोप झाले, तपास सीबीआयकडे गेला. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. आम्हाला काळजी वाटते ती अशा बापाची, ज्याचे नाव कोणत्याही कागदावर येत नाही. दोन वर्षे त्याने गुडघे टेकून प्रार्थना केली. मग एक दिवस ओळखीचा माणूस घरी येतो, हळू आवाजात रक्कम सांगतो, हमी देतो. बापाला हा मोह वाटतच नाही. त्याला वाटते, देवाने आपले ऐकले. मोठे मोह बहुधा असेच येतात, ऐकलेल्या प्रार्थनेचे रूप घेऊन. मागणाऱ्याला मिळते, हे वचनही त्याला त्या क्षणी आठवते. शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मजुराच्या मुलानेही तीच जागा देवाकडे मागितली आहे, हे मात्र आठवत नाही.

मग रोज वाचायचे कशासाठी? येशूची तिन्ही उत्तरे 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली आहेत. अरण्यात त्याच्याजवळ ग्रंथ नव्हता. सहाव्या अध्यायातले शब्द यहुदी लोक रोज सकाळ-संध्याकाळ म्हणत. ते त्याच्या कानांवर लहानपणीच पडले असणार. म्हणून भुकेच्या वेळी शोधाशोध करावी लागली नाही. आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. सैतानाने वचन वापरले ते दुसऱ्याला ढकलण्यासाठी. येशूने त्याच वचनांनी स्वतःला बांधून घेतले, आणि त्या उत्तरांनी त्याला त्या वेळी भाकर मिळाली नाही, लोकांची वाहवा नाही, राज्यही नाही. आपण वाचतो ते वचन आपल्याला कधी अडवते का, हे ज्याने त्याने पाहावे.

त्या बापाला आम्ही एवढेच सुचवू. उत्तर देण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी. कुटुंबप्रार्थनेत, मुलगा समोर बसला असताना, नेहमीचा उतारा मोठ्याने वाचावा, आणि मग ती रक्कम कशासाठी द्यायची आहे हे त्याच्या डोळ्यांत पाहून सांगून पाहावे.