निदान आणि दोष

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या वडीलधाऱ्यांनी घरातले देव नदीत सोडले. तरीही आपल्या सातारा-सांगलीकडे एखादी सून महिनाभर गप्प राहिली, जेवेनाशी झाली, की कोणीतरी हळूच देवऋषाचे नाव काढतो. दुसरा शिकलेला असतो. तो म्हणतो, 'जग दुःखमय आहे हे तथागतांनीच सांगितले, ध्यान कर, मन आवर.' मला हा दुसरा अधिक घातक वाटतो, कारण तो धम्माच्या नावाने बोलतो.

तथागतांनी दुःख मुकाट्याने सोसा असे सांगितले नाही, दुःखाला कारण आहे असे सांगितले. पालीत कारणाला शब्द आहे 'निदान'. दीघनिकायात महानिदान सुत्तच आहे. वैद्याच्या तोंडीही तोच शब्द. अंगुत्तरनिकायात रोग दोन सांगितले आहेत, कायिक आणि चेतसिक. काविळीच्या रोग्याला आपण 'मन घट्ट कर' म्हणत नाही, मग डिप्रेशनच्या रोग्याला का म्हणावे?

घरात मयत झाले म्हणजे माणूस रडतो, पण नातवाच्या बोबड्या बोलाने मधूनच हसतोही. या आजारात ते हसू येत नाही. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, मन खिन्न राहते किंवा कशातच गोडी वाटत नाही. पहाटेच जाग येते, भूक मरते, आपण कुचकामी आहोत असे वाटते. आपल्या बायका 'उदास वाटते' असे क्वचितच म्हणतात. डोके जड आहे, अंग मोडून आले आहे, छातीत धडधडते, असे सांगतात. पुरुष चिडतो, गुत्त्याकडे वळतो. हुशार पोर मागच्या बाकावर सरकते आणि त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'आळशी' असा शेरा पडतो. थायरॉईडच्या विकारातही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून शंका घरच्यांनी घ्यावी, निदान मात्र डॉक्टरांनीच करावे.

कार्यकर्ते विचारतील, जातीची अवहेलना आणि बेकारी यांनी माणूस खचतो, तिथे गोळी काय करणार? गोळीने जात जाणार नाही, हे खरेच. पण कारण एकच असते असे प्रतीत्यसमुत्पाद कुठे सांगतो? आजारावर उपचार केला म्हणून अन्याय करणारा निर्दोष ठरत नाही. अंथरुणातून उठू न शकणाऱ्याला मोर्चाला बोलावण्यात मात्र करुणा नाही.

मरावेसे वाटते का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री १४४१६ हा सरकारी दूरध्वनी फुकट लागतो. पहिल्या खेपेला सोबत जावे. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि तेवढ्यात घरातलेच कोणीतरी 'बंद कर त्या गोळ्या' म्हणते.