यादवींत मेलेल्यांचीं चित्रें

आपसांतील युद्धास मराठींत यादवी म्हणतात. कारण यादव कुळ आपल्याच हातानें नष्ट झालें अशी जुनी कथा आहे. परक्याशीं लढतां पडलेल्याचें स्मारक उभारणें सोपें असतें. यादवींत पडलेल्यांचें उभारूं गेल्यास पहिलाच प्रश्न येतो तो हा कीं, चित्र कोणाचें लावावें?

महाराष्ट्रांत पुष्कळ गांवीं वीरगळ आढळतात. खालच्या चौकटींत लढाई व वर वीराची स्वर्गप्राप्ति कोरलेली असते. परंतु त्या वीराच्या तरवारीखालीं जो पडला, त्याच्या आईसाठीं त्या दगडांत कांहीं नसतें.

दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत दुसरा मार्ग धरिला गेला. तेथें १९८० पासून २००० पर्यंत बंडखोर व सरकार ह्यांच्या लढ्यांत सुमारें ६९,००० माणसें मेलीं किंवा नाहींशीं झालीं, असा तेथील सत्यशोधन आयोगाचा अंदाज आहे. बळी पडलेल्यांपैकीं दर चारांत तीन जण केचुआ किंवा दुसरी देशी भाषा बोलणारे होते. २००३ सालीं आयोगानें लिमा शहरांत छायाचित्रांचें प्रदर्शन मांडिलें. त्याचें ‘युयानापाक’ हें नांव केचुआ भाषेंतील असून त्याचा अर्थ ‘आठवण करण्यासाठीं’ असा आहे. बंडखोरांनीं मारलेले व सैनिकांनीं मारलेले, ह्या दोघांचाहि शोक तेथें एकाच छपराखालीं झाला.

ही गोष्ट आम्हांस परकी नाहीं. उमरेडहून भिवापूर, नागभीड ह्या वाटेनें पुढें गेल्यास गडचिरोली लागते. त्या मुलुखांत १९८० नंतर नक्षलवादी चळवळ शिरली. तिच्याशीं लढण्यास १९९० सालीं सी-६० हें पोलीस दल उभें राहिलें. त्या दलांत आदिवासी तरुण होते, बंडखोरांतहि आदिवासी तरुण होते, आणि खबऱ्या ठरवून मारलेले गांवकरीहि पुष्कळदां आदिवासीच होते.

कोणी म्हणेल, मारणारा व मेलेला एका भिंतीवर कसे शोभतील? ह्या आक्षेपास शास्त्रांत जागा आहे. अबशालोमानें बापाविरुद्ध बंड केलें व तो मारला गेला, तेव्हां दावीद राजा रडत बसला. ज्यांनीं राजासाठीं जीव धोक्यांत घातला त्यांस त्यानें लाजविलें, असें म्हणून यवाबानें त्यास खडसाविलें. यवाबाचें म्हणणें खोटें नव्हतें. दावीद उठला व वेशींत जाऊन आपल्या लोकांसमोर बसला. परंतु मुलासाठीं केलेला शोक पाप होता, असें शास्त्र कोठेंहि म्हणत नाहीं.

ह्यावरून आम्हांस असें दिसतें कीं, शोक करणें म्हणजे निर्दोष ठरविणें नव्हे. कोणीं कोणास मारिलें हें चित्राखालीं खरें लिहावें. तें लपविल्यास मेलेल्यावर दुसरा अन्याय होतो. पण चित्र कोणाचेंहि गाळूं नये. कारण ज्याचें गाळलें त्याच्या घरीं सूड जपला जातो.

उपदेशक बंधूंनो, आपल्या मंडळींत अशा घरची आई किंवा विधवा येत असेल, तर प्रार्थनेंत तिच्या माणसाचें नांव घ्या. तो कोणत्या बाजूचा होता, हें आधीं विचारूं नका. न्याय करणारा देव आहे. तिच्याजवळ बसणें हें आपलें काम आहे.