बोलका कुत्रा, मुका कारकून

बोलणाऱ्या कुत्र्यांच्या रहस्यपटांवर माझा फार दिवसांपासून एक आक्षेप आहे. रहस्यपटातल्या कुत्र्याला सगळं ठाऊक असतं आणि बोलता येत नसतं, म्हणून तर चित्रपट तीन तास चालतो. १९८५ सालचा ‘तेरी मेहरबानियाँ’च घ्या. मालकाचा, म्हणजे जॅकी श्रॉफचा, खून कोणी केला हे मोती या कुत्र्याला पक्कं माहीत. त्याला बोलता येत असतं तर पोलीसचौकीत जबानी देऊन तो मोकळा झाला असता, अमरीश पुरी आणि सदाशिव अमरापूरकर गजाआड गेले असते आणि प्रेक्षक मध्यंतरातला बटाटेवडा घरी जाऊन खाते झाले असते. बोलता येत नाही म्हणून बिचाऱ्याला एकेकाला गाठून सूड घ्यावा लागला. तात्पर्य, कुत्र्याला वाचा फुटली की रहस्याची वाचा बसते.

हा सिद्धान्त मी रविवारी चहाच्या वेळी मांडला. आमचे चिरंजीव नववीत आहेत, त्यामुळे बापाचा कुठलाही सिद्धान्त ते विनाचौकशी मंजूर करीत नाहीत. ते म्हणाले, “पण बाबा, बोलता आलं म्हणजे कोणी ऐकून घेतं असं थोडंच आहे?”

स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, “आणि बोलता येणारे तरी कुठे बोलतात?”

मी बशीतला चहा फुंकू लागलो. तो केव्हाच निवला होता.

चिरंजीवांनी पुराव्यादाखल मला दोन जुने इंग्रजी चित्रपट दाखवले. १९८० सालच्या ‘ओ! हेवन्ली डॉग’मध्ये लंडनमधल्या एका गुप्तहेराचा खून होतो, आणि स्वतःच्याच खुनाचा तपास करायला तो कुत्रा होऊन परत येतो. माणसाचं डोकं आणि कुत्र्याचं तोंड! १९५१ सालच्या ‘यू नेव्हर कॅन टेल’मध्ये नेमकं उलटं. तिथे एका कोट्यधीशाची इस्टेट त्याच्या कुत्र्याला मिळते आणि कुत्र्यावर विषप्रयोग होतो. (इस्टेट आली की नातेवाईक कुत्र्यालाही सोडत नाहीत.) संशय येतो एका निरपराध सेक्रेटरीबाईवर. तेव्हा प्राण्यांच्या स्वर्गात गेलेला हा कुत्रा माणसाचा, त्यातही खाजगी गुप्तहेराचा, जन्म घेऊन खाली उतरतो आणि खरा गुन्हेगार शोधून काढतो.

माझा आक्षेप तिथेच खारीज झाला. मात्र चित्रपट संपल्यावर झोप येईना. एका निरपराध बाईसाठी कुत्रा स्वर्गातून पृथ्वीवर आला, आणि मला चार नंबरच्या काउंटरवरून मॅनेजरच्या केबिनपर्यंत जाता आलं नव्हतं. अंतर पंधरा पावलं.

त्याचं असं झालं. आमच्या शाखेतून एका खातेदाराची मुदत ठेवीची पावती गहाळ झाली. ती एका साहेबांनी स्वतःच्या खणात, डब्याच्या पिशवीखाली सारलेली मी पाहिली होती. पुढे ते विसरले असतील. मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. पण ठपका आला शिपाईमामांवर. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांनी मला विचारलं, “तुम्ही काही पाहिलंत?” मी म्हणालो, “मी त्या वेळी हिशेब जुळवत होतो.” हिशेब पैशापैशाला जुळला. मामांना मेमो मिळाला, आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना लांबच्या तालुक्याला बदली.

शेरलॉक होम्सची १८९२ सालची एक कथा आहे, ‘सिल्व्हर ब्लेझ’. तबेल्यातून रात्री घोडा पळवला जातो आणि राखणीचा कुत्रा भुंकत नाही. होम्स तेवढ्यावरून ओळखतो, की आलेला माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता. साहेबही माझ्या ओळखीचेच होते. माझ्या रजेच्या अर्जावर सही त्यांची आणि घरकर्जाच्या कागदावर शिफारसही त्यांचीच. आपण कुत्र्याला इमानी म्हणतो ते तो अनोळखी माणसावर भुंकतो म्हणून. ओळखीच्यावर भुंकायला इमानापेक्षा आणखी काहीतरी लागतं, आणि ते बिस्किटावर पोसलं जात नाही.

जायच्या दिवशी मामांनी नेहमीसारखा चहा आणून ठेवला. म्हणाले, “तुमचा काय दोष साहेब! तुमचं लक्ष कायम कामात.” मामांना ठाऊक होतं की नाही, हे रहस्य मला अजून उलगडलेलं नाही.

बोलणाऱ्या कुत्र्यांचं इंग्रजांना कौतुक, पण आपल्या महाभारताच्या आदिपर्वात सुरुवातीलाच एक आहे. जनमेजयाच्या यज्ञात शिरलेल्या पिल्लाला त्याचे भाऊ मारतात. पिल्लू रडत आई सरमेकडे जातं. ती आधी आईसारखंच विचारते, तूच काहीतरी केलं असशील? पिल्लू सांगतं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलंही नाही, चाटलंही नाही. मग सरमा यज्ञमंडपात जाऊन सरळ जाब विचारते. उत्तर कोणीच देत नाही. मंडपात एवढे विद्वान, पण त्या दिवशी सगळ्यांचे हिशेब जुळायचे असावेत! तेव्हा ती शाप देते, निरपराध पिल्लाला मारलंत, तुमच्यावर न दिसणारं भय येईल.

न दिसणारं भय! रहस्यपटाची याहून नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही. मेमोचा लिफाफा घेऊन कोणी टेबलाकडे आलं, की माझ्या पोटात जो गोळा उठतो, तो हाच.

परवा लग्नाहून परतायला रात्रीचे दोन वाजले. आमच्या गल्लीतला काळू रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकत होता. मला पाहिलं, शेपटी हलवली आणि गप्प बसला.

आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, हा एकदा भुंकला असता तर बरं झालं असतं.