पाहुण्याचे घर

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या जुन्या सोसायट्यांत उन्हाळ्यात काही दारांना चार-सहा महिने कुलूप असते. घरातले आजी-आजोबा मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला गेलेले असतात. तिकडे नातवंडांच्या शाळेला सुट्टी लागली की अनेक मराठी घरांत एक बेत शिजतो. मोटारहोम भाड्याने घ्यायचे, तीन पिढ्यांनी त्यात बसायचे आणि डोंगरातली राष्ट्रीय उद्याने पाहत हिंडायचे. यलोस्टोन, ग्लेशियर, योसेमिटी ही नावे आता डोंबिवलीच्या फडके रोडवरच्या गप्पांतही ऐकू येतात. पंचवीस-तीस फुटांच्या त्या गाडीत ओटा असतो, फ्रिज असतो, न्हाणीघर आणि संडास असतो. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर नातवंडे झोपतात. गुडघे दुखणाऱ्या आजीला हॉटेलचे जिने चढावे लागत नाहीत, आजोबांना पथ्याचे जेवण वेळेवर मिळते आणि सकाळी दार उघडले की समोर बर्फाचा डोंगर उभा असतो.

परत आल्यावर माणसे म्हणतात, आपल्याकडेही हे व्हायला हवे. माळशेज, भंडारदरा, कोयना, चांदोली हे सारे इथून एका दिवसाच्या वाटेवर आहे. ही इच्छा रास्त आहे. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा ती सरकारदरबारीही पोचली आहे. पण गाड्या येण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर आपण स्वतःला द्यायला हवे. घर घेऊन डोंगरात जायचे, तर घरातले काय काय डोंगरात जाते?

शेगडी जाते, अंथरुणे जातात. त्यांच्यासोबत सांडपाणी, मैला, कचरा, उजेड आणि आवाजही जातो. शहरात या गोष्टी नळातून, गटारातून, घंटागाडीतून नजरेआड होतात. मोटारहोममध्ये तशी सोय नाही. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात : एक स्वच्छ पाण्याची, एक भांडी-आंघोळीच्या सांडपाण्याची आणि एक मैल्याची. पहिली रिकामी होत जाते तशा बाकीच्या दोन भरत जातात आणि आतला दर्शक ते दाखवत राहतो. टाक्या भरल्या की ठरलेल्या डम्प स्टेशनवर जायचे, हातमोजे घालायचे, जाड पाइप जोडायचा, आधी मैल्याची टाकी सोडायची आणि मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हे काम गाडी घेणाऱ्यालाच करावे लागते. आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या हे काम जातीच्या नावावर दुसऱ्यांच्या माथी मारले गेले. त्या समाजातून गेलेला इंजिनिअर मुलगा आई-वडिलांसमोर स्वतःच्या घराचा मैला स्वतःच्या हाताने सोडतो, ही मला त्या सगळ्या सहलीतली सर्वांत मोलाची घटना वाटते.

बाकीची बंधनेही याच प्रकारची आहेत. उद्यानातली मुक्कामाची जागा काही महिने आधी आरक्षित करावी लागते, वाटेल तिथे रात्र काढता येत नाही. जनरेटर ठरलेल्या वेळेतच चालवायचा आणि रात्री शांतता पाळायची. ग्लेशियर उद्यानातल्या ‘गोइंग टू द सन’ या घाटरस्त्याच्या मधल्या टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब गाडीला मज्जाव आहे. म्हणजे सर्वांत सुंदर रस्त्यावर घर मागे ठेवूनच जावे लागते. झायन उद्यानाच्या दरीत गाड्यांची इतकी कोंडी होऊ लागली, की २००० सालापासून तिथे हंगामात खासगी गाड्या थांबवून बसगाड्या सुरू केल्या. मुक्त भटकंतीचे जे चित्र आपण पाहतो ते अशा नियमांच्या आधारावर उभे आहे.

हे शहाणपण अमेरिकेलाही पहिल्या दिवसापासून नव्हते. यलोस्टोन हे जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान १८७२ मध्ये झाले आणि १९१५ पासून तिथे मोटारी येऊ लागल्या. पाहुणे वाढले तसा उष्ट्या-खरकट्याचा ढीगही वाढला. अस्वले त्या ढिगांवर येऊ लागली, तेव्हा उद्यानाने तिथे लोकांना बसायला बाके मांडली. संध्याकाळी कचऱ्यावर जेवणारी अस्वले पाहणे हा करमणुकीचा कार्यक्रम झाला. पुढे माणसांवर हल्ले झाले आणि कित्येक अस्वलांना मारावे लागले. ते ढीग पूर्णपणे बंद व्हायला १९७० साल उजाडले. आज तिथे अस्वलाला उघडता येणार नाहीत अशा कचरापेट्या आहेत आणि अन्न उघड्यावर ठेवणे गुन्हा आहे. एका खरकट्याच्या ताटापासून मेलेल्या अस्वलापर्यंतची साखळी समजायला त्या देशाला अर्धे शतक लागले.

ही साखळी ठाणेकराला परकी वाटू नये. आपल्या शहराच्या पश्चिमेला येऊरचा डोंगर आहे आणि तो सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. घोडबंदर रोडवरच्या टॉवरच्या गॅलरीतून त्याची झाडी दिसते. तिथे बिबट्या राहतो. २०११ मध्ये वनविभाग, अभ्यासक आणि नागरिक ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमात एकत्र आले आणि त्यांनी रहिवाशांना एक साधी गोष्ट समजावली. कचरा टाकला की भटकी कुत्री जमतात आणि कुत्री जमली की त्यांच्या मागे बिबट्या येतो. आपल्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे फेकलेली पिशवी बिबट्याला जंगलाबाहेर बोलावते. यलोस्टोनमध्ये जे अस्वलाचे झाले तेच इथे बिबट्याचे होऊ शकते. दोन्हीकडे सुरुवात आपल्या स्वयंपाकघरात आहे.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती याहून जड आहे. राष्ट्रीय उद्यान ही अनेकदा घरे हलवून केलेली जागा असते. यलोस्टोनच्या पठारावर शोशोनी लोकांपैकी काही जण पिढ्यान्‌पिढ्या डोंगरी मेंढ्यांच्या शिकारीवर जगत होते. उद्यान झाल्यावर काही वर्षांतच त्यांना तिथून जावे लागले. योसेमिटीच्या दरीतली मूलनिवासींची शेवटची वस्ती १९६९ मध्ये पाडली गेली. आपल्या सह्याद्रीतही वेगळे घडले नाही. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाने गावे बुडवली. तिथून उठलेली काही कुटुंबे तर आपल्या ठाणे जिल्ह्यातच वसवली गेली. चांदोली १९८५ मध्ये अभयारण्य आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, जंगलातली गावे खाली आणली गेली. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. येऊरच्या पाड्यांतले वारली आणि इतर आदिवासी उद्यानाच्या आधीपासून तिथे आहेत आणि घराची भिंत दुरुस्त करायची तरी त्यांना परवानगीचा विचार करावा लागतो.

वाघ वाचायला हवा, जंगल वाचायला हवे, आपले पाणीही त्या जंगलातच अडते. म्हणून या उद्यानांच्या मी पूर्ण बाजूने आहे. पण ज्या डोंगरातून माणसांना त्यांची घरे उचलायला लावली, त्या डोंगरात आपण सुट्टीसाठी चाकांवर घर घेऊन जातो, याचे भान आपल्याला असलेच पाहिजे. तिथे आपण पाहुणे आहोत. पाहुण्याने यजमानाच्या घरात काय ठेवायचे आणि काय उचलून न्यायचे, याचे संस्कार मराठी घरांत लहानपणीच होतात. तेच संस्कार डोंगराला लागू करायचे आहेत, एवढीच माझी मागणी आहे.

माल आणि घर सोबत घेऊन घाट चढण्या-उतरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. कल्याण हे सातवाहन काळातले नावाजलेले बंदर. तिथून माल नाणेघाटाने जुन्नरला चढत असे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि जवळच जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. त्या रांजणामागची समजूत मला महत्त्वाची वाटते. डोंगर ओलांडणारा डोंगराचे काही देणे लागतो, हे लोकांनी इतकी शतके लक्षात ठेवले.

धनगरांचे तर सगळे घरच चालते. पावसाळा सरला की माणदेशासारख्या कोरड्या भागातले वाडे, म्हणजे धनगर कुटुंबांचे फिरते गट, मेंढ्या घेऊन निघतात आणि त्यातले काही घाट उतरून कोकणात येतात. घोड्यांच्या पाठीवर भांडी, घोंगडी, कोंबड्या, कधी लहान मूल. भात कापून झालेल्या खाचरात ते मुक्काम करतात. शेतकरी त्यांना बोलावून मेंढ्या बसवून घेतो, कारण लेंड्यांचे खत शेताला मिळते; त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. या प्रवासात मुक्काम उठतो तेव्हा जमीन आधीपेक्षा कसदार झालेली असते. ही रीत आता अडचणीत आहे, कुरणे आणि वाटा दोन्ही कमी होत आहेत. आपल्या कॅराव्हॅनला धनगरांच्या वाड्यासारखे होणे जमणार नाही, पण आपण उठल्यावर जमीन कशी राहिली, हा त्यांचा निकष आपल्याला घेता येईल.

तो निकष लावला तर आपल्या धोरणाचा क्रम बदलतो. आधी मैला आणि सांडपाणी सोडण्याची ठिकाणे आणि ते शुद्ध करण्याची यंत्रणा, मग गाड्या. कल्याणच्या आधारवाडीत शहराच्या कचऱ्याचा डोंगर झाला आणि तो वारंवार पेटला. शहरात जे पेलले नाही ते मुरबाड किंवा अकोले तालुक्यातल्या ग्रामपंचायतीने पेलावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. मुक्कामाच्या जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर, गावालगत असाव्यात आणि त्यांचे शुल्क गावाला मिळावे. विशेषतः ज्यांनी जंगलासाठी घर सोडले त्यांच्या नव्या गावांना या व्यवसायात पहिला हक्क मिळावा. घाटरस्त्यांवर गाडीच्या लांबीची मर्यादा असावी. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात भंडारदऱ्याभोवती काजवे चमकतात, तेव्हा रात्री गाड्यांची रांग लागते. काजव्यांचे लुकलुकणे ही नर-मादीची एकमेकांना दिलेली खूण असते आणि हेडलाइटच्या झोतात ती हरवते. जे पाहायला आलो ते आपल्याच उजेडाने मालवायचे नसेल, तर तिथे गाड्या दूर थांबवून गावच्या वाटाड्यासोबत चालत जाणे हाच मार्ग आहे.

कुटुंबाला मात्र धोरणाची वाट पाहण्याची गरज नाही. आज आपली बहुतेक कुटुंबे टेम्पो ट्रॅव्हलर ठरवून किंवा कल्याणहून कसारा लोकल धरून डोंगराकडे निघतात. त्या सहलीतही घर सोबत असतेच : डबे, बाटल्या, गाणी, नातवाचे डायपर. दहा माणसे दोन दिवसांत किती पाणी वापरतात आणि किती कचरा करतात, हे मुलांना मोजायला लावता येते. जे नेले ते सगळे परत आणायचे, स्पीकर घरी ठेवायचा, जेवण शक्यतो पाड्यावरच्या किंवा गावातल्या घरी घ्यायचे आणि त्याचे योग्य पैसे द्यायचे. दर पावसाळ्यात धबधब्यांवर जमावबंदीचे आदेश काढावे लागतात, कारण आपण स्वतःला मर्यादा घालत नाही. मर्यादा घरातून आली तर ती पोलिसांना लावावी लागणार नाही.

परदेशातल्या मोटारहोमने आपल्या आजी-आजोबांना बर्फाचे डोंगर दाखवले, ते त्यांनी डोळे भरून पाहिले, याचा मला मनापासून आनंद आहे. त्या प्रवासातून आपल्याकडे गाडी आणण्याआधी त्या तीन टाक्यांची शिस्त आणायला हवी. तिला विमानाचे तिकीट लागत नाही आणि ती शिकायला येऊरचा एक रविवार पुरेसा आहे. ज्या कुटुंबाला ती जमली त्याच्यासाठी सह्याद्रीचे दार उघडे असावे, आणि ते उघडे राहावे म्हणून त्या कुटुंबाने येऊरच्या पाड्यांच्या आणि चांदोलीतून उठलेल्या गावांच्या हक्कांसाठीही उभे राहावे.