गागोद्याचे गरे

पेणला निघायच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या आजींनी विचारलं, "तिकडं कायले चालला बाप्पा?"

"विनोबांचा जन्म झाला ते घर पाहायला."

आजी थबकल्या. "विनोबा? थे तं आपले पवनारचे ना!"

आजींचं फारसं चुकलं नव्हतं. वर्धा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला विनोबा म्हटलं की धाम नदीचा काठ आठवतो, पवनारचा आश्रम आठवतो. हा माणूस कुठून तरी इथे आला होता, हे ध्यानातच राहत नाही. खरं तर आमच्या जिल्ह्याची सगळी थोर माणसं अशी बाहेरूनच आलेली. गांधीजी पोरबंदरचे, जमनालालजी राजस्थानातल्या काशी का बास या खेड्यातले, कुमारप्पा थेट तंजावरचे. आम्ही जपल्या त्या त्यांच्या कुट्या. जन्माच्या खोल्या राहिल्या दुसऱ्यांच्या गावी.

आमच्या पुलगावचंही तसंच. नावातच पूल असलेलं हे गाव. कोणी रेल्वेत लागलं म्हणून आलं, कोणी कापडाच्या गिरणीत, कोणी दारूगोळ्याच्या डेपोत. माझा जन्म इथल्या एका रेल्वे क्वार्टरमधला. ते क्वार्टर केव्हाच पाडलं. त्या जागी आता कडुनिंब तेवढा उभा आहे. त्यामुळे कोणाचं जन्मघर राखून ठेवलंय असं कळलं की मला कुतूहल वाटतं, आणि थोडा हेवाही.

पेण म्हणजे गणपतींचं गाव. इथल्या मूर्ती कुठे कुठे जातात. याच तालुक्यात गागोदे बुद्रुक आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे तिथे जन्मले. मी त्या घरात शिरलो, चपला बाहेर ठेवल्या, आणि अशा ठिकाणी सगळेच करतात तेच करू लागलो. भिंती न्याहाळल्या. वर बघितलं. कोनाडे पाहिले. रत्नागिरीला टिळकांच्या कौलारू घरातही मी असाच फिरलो होतो. थोरपण कुठल्या तरी खुंटीला टांगून ठेवलेलं असावं आणि आपल्याला ते नेमकं दिसावं, अशी काहीतरी आशा मनात असते. भिंती मात्र भिंतींसारख्याच असतात. अशा घरांत शेकडो मुलं जन्मली, वाढली, पांगली.

मग आठवू लागलं ते विनोबांनीच सांगून ठेवलेलं. या घराचं खरं सामान त्या आठवणींतच आहे.

भाव्यांकडे फणसाची झाडं होती. फणस पिकला की आई तो फोडायची, पण मुलांच्या हातावर लगेच गरे पडायचे नाहीत. आधी ते पानांवर घालून शेजारच्या घरी पोचवायचे, आणि हे काम मुलांकडेच. सगळ्यांना देऊन झालं की मग मुलांनी खायचं. देतो त्याच्यात देव असतो आणि आपल्यापुरतं दडवून ठेवतो त्याच्यात राक्षस, अशा अर्थाचं आईचं, रुक्मिणीबाईंचं, सांगणं असे. पाच-सात वर्षांच्या पोराला हे किती जड गेलं असेल! घरभर फणसाचा घमघमाट, आणि आपण मात्र दुसऱ्याच्या दारात गरे घेऊन उभे.

आजोबा शंभुराव एकदा पूजेला बसले असता देवाच्या मूर्तीवर विंचू दिसला. आरडाओरडा झाला, कोणी मारायला धावलं. आजोबांनी सगळ्यांना थांबवलं. देवाच्या आश्रयाला आलाय, राहू द्या, म्हणाले, आणि पूजा पुरी केली. विंचू आपल्या पावलांनी निघून गेला.

वडील नोकरीला बडोद्यात. दिवाळीला घरी आले की खाऊ आणतील म्हणून मुलगा वाट बघत होता. वडिलांनी हातात पुडकं दिलं. चपटं, चौकोनी. लाडू-पेढे असे नसतात, हे हाताला आधीच कळलं. उघडलं तर मुलांसाठीचं रामायण आणि महाभारत. आई म्हणाली, यापेक्षा चांगला खाऊ कुठला असणार!

फणसाचे गरे, विंचू आणि पुस्तकांचं पुडकं. यातलं काचेच्या कपाटात काय ठेवणार? गरे त्याच दिवशी संपले. विंचू निघून गेला. पुस्तकं वाचून डोक्यात गेली.

आणि जी कागदपत्रं खरोखरच चौकटीत घालून भिंतीवर लावता आली असती, ती या माणसाने स्वतःच जाळली. दहाच्या आतबाहेर वयाचा विनायक बडोद्याला गेला, तिथे शिकला, आणि पुढे एक दिवस शाळा-कॉलेजातली प्रमाणपत्रं आईच्या चुलीत घालून मोकळा झाला. लिहिलेल्या कविताही आधी अग्नीला आणि काशीत असताना गंगेला देऊन टाकल्या. नंतर कोणाला दाखवता यावं म्हणून जपून ठेवणं हे त्याच्या गावीच नव्हतं. १९१६ साली घर सोडलं तेव्हा काय बरोबर नेलं असेल? सोबत नेण्यासारखं उरलं होतं ते त्या फणसाच्या वासाएवढंच.

ते मात्र त्यांनी नीट नेलं. ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्याला आले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी ऐंशी एकर जमीन मागितली. विनोबांनी सभेतच विचारलं, सरकारकडे जायच्या आधी गावातलं कोणी देईल का? रामचंद्र रेड्डी उठले आणि शंभर एकर देतो म्हणाले. पुढे तेरा-चौदा वर्षं हा माणूस देशभर पायी हिंडला आणि लाखो एकर जमीन गोळा झाली. त्यातली बरीच वाटली गेली नाही, काही तर नापीक निघाली, हेही खरंच. पण मागण्याची रीत पाहा. आधी शेजाऱ्याला, मग आपल्या पानात. गागोद्याच्या अंगणातली पंगत आता देशभर मांडली जात होती, एवढंच.

आईची आणखी एक गोष्ट वर्ध्यात पोचली. बडोद्याला ती गीतेवरच्या प्रवचनाला जायची. संस्कृत कळायचं नाही. मराठी गीता हवी म्हणाली. विनोबांनी भाषांतर आणून दिलं, तर ते अवघड. मग तूच का करत नाहीस, असं तिने विचारलं. १९१८ साली ती गेली. मागणं राहिलं होतं. ७ ऑक्टोबर १९३० ला विनोबांनी गीताई लिहायला घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला पुरी केली. आईला देऊन झालं नाही, म्हणून सगळ्या मराठी आयांना दिली. आज वर्ध्याला गोपुरीत तीच गीताई शिळांवर कोरून उभी आहे. डोक्यावर छप्परसुद्धा नाही.

परतीच्या गाडीत हेच डोक्यात घोळत होतं. जन्मघर आपण निवडत नाही. त्यातलं काय घेऊन निघायचं, तेवढं आपल्या हातात असतं. म्हणून तर विनोबांच्या जन्मघराचं निम्मं सामान आमच्या जिल्ह्यात सापडतं, आणि आम्ही ते पाहायला गाडीत बसून चारचौघांसारखे कोकणात जातो.

पुलगावला उतरलो. आजी ओट्यावर होत्याच.

"काय पाह्यलं मंग?"

"एक घर."

"येवढ्या दूर जाऊन एक घर?"

मी फणसाची गोष्ट सांगितली. आजींना त्यात नवल वाटलं नाही. "त्यात काय हाय? आमच्या इथं सीताफळं उतरवले का पयले गल्लीतच जायचे." मग थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "पन जमीन मागाले कोनी आलं असतं ना, तं माह्या सासऱ्यानं नसती देल्ली."

दोघंही हसलो. पण आजींनी नेमकी जागा दाखवली होती. सीताफळं वाटणारी घरं पुष्कळ असतात. तेवढ्यावर न थांबता, सीताफळापासून शिवारापर्यंत जाणारं एखादंच निघतं. फरक घराचा नसतो. त्या घरातली सवय माणूस किती लांब चालवतो, याचा असतो.

पुलगावहून गागोदं लांब पडतं. गोपुरी मात्र वर्ध्याला उतरलं की हाकेवर. येत्या रविवारी जमलं तर जा. बिनछपराच्या त्या शिळांमध्ये फिरताना एखाद्या ओळीवर हात ठेवा. आणि जाताना घरी पिकलेलं काही असेल तर आधी शेजारी देऊन जा.