डब्यातली पट्टी

दसऱ्याच्या सकाळी पोरानं गाडी शेडबाहेर काढली. हँडलला झेंडूची माळ, टाकीवर हळदकुंकू, पुढच्या चाकाखाली लिंबू. आईनं नारळ वाढवला. आठ महिने रात्री जागून बांधलेली गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली आणि गल्लीतली सगळी पोरं गोळा झाली.

गाडी आजोबांची होती. १९८६ सालची ३५० सीसीची बुलेट. आजोबा गेल्यावर ती गावच्या गोठ्यात अकरा वर्षं उभी राहिली, सीटवर कोंबड्या बसायच्या. नातू आयटीआय करून कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला, तेव्हा टेम्पोत घालून ती त्यानं शहरात आणली. दिवसभर लोकांचे जॉब काढायचे आणि रात्री स्वतःच्या गाडीला भिडायचं. कोल्हापूरला हे नवीन नाही. इथंच बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी आपले सहकारी दामले यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. यंत्र उघडून बघावं, आपल्या हातानं पुन्हा बांधावं, ही ओढ इथल्या माणसाला असते आणि मला तिचा फार आदर वाटतो.

चासी मात्र पोरानं कापली नव्हती. ती मामांची अट होती. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, एका कारखान्यात जन्मभर फिटर म्हणून काम करून निवृत्त झालेले. चासीच्या नंबराला आणि नळीला हात लावायचा नाही, एवढं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पोरानं ते ऐकलं. पण बाकी जे जे डोळ्यांत खुपलं, ते ते त्यानं काढलं. लांब सीट गेली, तिथं एकट्यापुरती चामड्याची सीट आली. मागचे फुटरेस्ट गेले, साडी गार्ड गेलं, मोठे मडगार्ड कापून बोटभर राहिले. सायलेन्सरच्या जागी सरळ नळी आली. टाकीखाली इंजिनच्या हेडपासून चासीच्या नळीपर्यंत एक ओबडधोबड लोखंडी पट्टी असते, तीही त्यानं काढली. टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये मोकळी जागा दिसली की गाडी उठून दिसते, असं त्याला वाटलं. आणि ती दिसतही होती, यात खोटं काही नाही.

पहिली फेरी पन्हाळ्याची. शिवाजी पूल ओलांडला, केर्ली गेलं, वाघबिळाचा चढ आला. तिथं गाडी दोनदा खोकली, पण चढली. संध्याकाळी रंकाळ्यावर गाडी लावली तेव्हा लोकांनी मोबाइलवर फोटो काढले. कुणी म्हणालं, विकणार काय? पोरगा त्या रात्री झोपला नाही.

दुसऱ्या दिवशी मामा आले. गाडी घेऊन दहा मिनिटं फिरून आले, स्टँडवर लावली आणि हात पुसत विचारलं, "वही हाय का?"

पोराला वाटलं होतं, मामा पाठ थोपटतील. तो जरा घुश्शातच म्हणाला, "वही कशाला? गाडी झाली की आता."

"गाडी उभी राहिली लेका. झाली कुठं? आठ म्हैनं तू तिला सांगत हुतास, अशी दिस, तशी दिस. आता तिची पाळी. ती सांगंल ते ऐकायचं आन् लिव्हून ठिवायचं."

पोराच्या मनाला लागलं. मला त्याचं हे लागणं समजतं. आपल्या हातानं केलेल्या वस्तूतला दोष ऐकणं म्हणजे आपल्याच लेकराची तक्रार ऐकण्यासारखं असतं. पण त्यानं वही आणली. मामा सांगत गेले, तो लिहीत गेला. मनगटं दुखतात, हँडल फार खाली. ॲक्सिलेटर सोडला की नळीतून फटाके. गरम झाल्यावर किकला दाद देत नाही. खड्ड्यात मागचं टायर मडगार्डला घासतं. क्लचची वायर हँडल वळवलं की ताणते. टॅपेटच्या झाकणातून ऑइल झिरपतं. हेडलाइटचा ब्रॅकेट थरथरतो. आरशात मागचं काही दिसत नाही. असे बावीस मुद्दे झाले. तेविसावा मामांनी वही घेऊन स्वतःच लिहिला.

पोरगा जिद्दीचा. दोन दिवसांची सुट्टी टाकली आणि एका रात्रीत आणि एका दिवसात त्यानं आपण लिहिलेल्या बावीसच्या बावीस मुद्द्यांना हात घातला. कार्बुरेटरचा जेट बदलला, नीडलची क्लिप एक खाच हलवली, कॉन्टॅक्ट पॉइंटचा गॅप बदलला, टायमिंग हलवलं, टॅपेट आवळले, चेन ताणली, हँडल वर घेतलं. सगळं करून किक मारली. गाडी सुरू झाली आणि पहिल्यापेक्षा वाईट चालली. गंगावेशीपर्यंत जाईस्तोवर तीनदा बंद पडली. ढकलत परत आणली.

"कशानं बिघडली?" मामांनी विचारलं.

पोराला सांगता येईना. एवढ्या गोष्टी एकदम हलवल्या होत्या, कुठलीनं घोटाळा केला हे कसं कळणार?

"सगळं पैल्यासारखं लाव," मामा म्हणाले. "मग एका दिवशी एकच गोष्ट बदलायची. बदललीस की फिरवून आणायची. काय फरक पडला ते लिव्हायचं. फरक पडला न्हाय, तरी लिव्हायचं."

इथून पुढचा दीड महिना सांगण्यासारखा आहे, जरी त्यात फोटो काढण्यासारखं काहीच घडलं नाही.

पहिल्यांदा कॉन्टॅक्ट पॉइंट. फिलर गेज घालून गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटरमध्ये आणला. गाडी फिरवली. रिकाम्यावर थोडी स्थिर झाली. लिहिलं. मग टॅपेट. पोरानं ते घट्ट आवळून ठेवले होते. मामांनी इंजिन गार असताना झाकण उघडायला लावलं आणि पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायला सांगितलं. "बोटानं फिरला पायजे, पण वर-खाली हलता कामा नये." पोराचे रॉड फिरतच नव्हते. म्हणजे इंजिन तापलं की व्हॉल्व्ह पुरता बसत नव्हता, कॉम्प्रेशन जात होतं आणि म्हणून गरम गाडी किकला दाद देत नव्हती. ते एक काम झालं आणि वहीतले दोन मुद्दे एकदम गेले.

मग प्लग. वाघबिळाचा चढ चढून वर गाडी बंद करायची, प्लग काढायचा आणि टोक बघायचं. काळं काजळीचं असेल तर पेट्रोल जास्त, पांढरं असेल तर कमी, बिस्किटाच्या रंगाचं असेल तर ठीक. पोराचा प्लग पांढराफटक निघाला. सरळ नळीनं आवाज वाढवला होता आणि इंजिनला उपाशी ठेवलं होतं. जेट मोठा केल्यावर फरक पडला, पण फटाके थांबेनात. शेवटी एका रविवारी त्यानं स्वतःहूनच जुना सायलेन्सर माळ्यावरून खाली काढला, घासूनपुसून लावला आणि वहीत लिहिलं, "फटाके बंद. शेजारच्या आजी आज काही बोलल्या नाहीत."

थरथर मात्र जाईना.

हेडलाइटचा ब्रॅकेट पन्नास किलोमीटरमध्ये तडकला. पोरानं वेल्डिंग मारलं. तो पुन्हा तडकला. मग त्यानं दुप्पट जाडीच्या पत्र्याचा नवा ब्रॅकेट केला, सुबक केला, त्याला पॉलिश केलं. तो टिकला, पण आता मागच्या नंबरप्लेटची पट्टी तुटली. ती जाड केली तर सायलेन्सरचा बोल्ट ढिला पडायला लागला. स्प्रिंग वॉशर घातले, डबल नट लावले. तासभर चालवलं की हाताला मुंग्या यायच्या आणि आरशात मागचा ट्रक आहे की हत्ती आहे हे कळायचं नाही. तुटलेला प्रत्येक तुकडा पोरगा रागानं कोपऱ्यात फेकायचा आणि मामा तो उचलून पत्र्याच्या डब्यात टाकायचे.

एका रात्री तिसरी पट्टी तुटल्यावर पोरगा खाली बसला. "मामा, जिथं जाड करावं तिथं टिकतंय आणि दुसरीकडं तुटतंय. सगळी गाडीच जाड करू काय?"

मामांनी विचारलं, "तुटतंय कुठं ते बघितलंस. थरथर येती कुठनं, ते बघितलंस का?"

मग दोघं इंजिनसमोर बसले. या इंजिनात एकच पिस्टन. ७० मिलिमीटरचा बोअर, ९० मिलिमीटरचा स्ट्रोक. मिनिटाला तीन हजार फेरे म्हणजे तो पिस्टन लोहाराच्या घणासारखा सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली घाव घालतो. क्रँकच्या चाकांत वजनं घालून त्याचा तोल साधलेला असतो, पण पुरता कधी साधत नाही. उरलेला हिसका कुठंतरी जाणार. मूळ बांधणाऱ्यांनी इंजिन खालून बोल्टांनी धरलं होतं आणि वरून हेडही चासीला बांधलं होतं, एका पट्टीनं. म्हणजे इंजिन आणि चासी मिळून एक वस्तू व्हावी.

पोराची नजर टाकीखालच्या त्या मोकळ्या जागेवर गेली. तिथूनच गाडी उठून दिसत होती. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ती पट्टी मी भंगारात टाकली."

मामांनी डबा ओढला. तुटक्या ब्रॅकेटांच्या खाली, आटे गेलेल्या बोल्टांच्याही खाली, तळाला ती पट्टी होती. पोरानं फेकली त्याच दिवशी त्यांनी ती उचलून ठेवली होती.

"मग तुम्ही तवाच का सांगितलं नाही?"

"तवा सांगितलं असतं तर तू लावली असतीस, माझ्यासाठनं. आता कशासाठनं लावणार, ते तुला ठाव हाय."

हे वाचून कुणाला मामा कठोर वाटतील. मलाही आधी वाटले. पण धोका होता तिथं, चासीच्या बाबतीत, त्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली होती. जिथं फक्त पत्रा तुटणार होता, तिथं त्यांनी तो तुटू दिला.

तो डबा बघून मला बर्ट मन्रो आठवतो. न्यूझीलंडमधल्या इन्व्हरकारगिलचा हा माणूस. त्यानं १९२० साली एक इंडियन स्काउट मोटरसायकल घेतली, ताशी जेमतेम ८८ किलोमीटर पळणारी, आणि शेडमध्ये बसून तीच गाडी तो वर्षानुवर्षं सुधारत राहिला. जुन्या डब्यांच्या साच्यांत पिस्टन ओतायचा. ते फुटले की तुकडे एका फळीवर मांडून ठेवायचा आणि त्या फळीवर, वेगाच्या देवाला वाहिलेलं हे दान, अशा अर्थाची पाटी होती. १९६७च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ६८व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्याच गाडीनं ताशी सुमारे २९६ किलोमीटरचा विक्रम केला. घेतल्यापासून सत्तेचाळीस वर्षांनी. तुटलेल्या तुकड्यांना त्यानं देवापुढं ठेवलं, लपवलं नाही, हे मला त्या आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

पट्टी लावायलाही एक संध्याकाळ गेली. एका बाजूचं भोक बोल्टावर येईना. पोरानं ती टॉमीनं रेटायला घेतली तसा मामांनी हात धरला. "वढून बसवलीस तर तीच ताणात ऱ्हाईल आन् तीच तुटंल. फट हाय तिथं वॉशर भर." दोन वॉशर घातल्यावर बोल्ट बोटानं आत गेला. मग पाना लावला.

दुसऱ्या दिवशी पोरगा वाघबिळाला जाऊन आला. थरथर पुरती गेली नव्हती, एका पिस्टनच्या गाडीत ती जात नाही. पण हाताला मुंग्या आल्या नाहीत. आरशात मागून येणारी एसटी दिसली, तिच्यावरची पाटीही उलटी का होईना, वाचता आली. वहीत त्यानं एवढंच लिहिलं, "पट्टी लावली." पुढं काय फरक पडला ते लिहायचं राहिलं. तो वर्कशॉपला उशीर होईल म्हणून पळाला होता.

तेवीस मुद्द्यांतले बावीस संपले. शेवटचा मामांच्या अक्षरात होता आणि पोरानं तो इतके दिवस यंत्राचा मुद्दा नाही म्हणून ओलांडला होता. "मागं कोण बसणार?"

आजोबांच्या मागं आजी बसायची. आई लहानपणी टाकीवर बसून जोतिबाला गेली होती. गाडी बांधत असताना रोज रात्री अकराला शेडमध्ये चहा आणून देणारी आई, तिला गाडीवर जागाच नव्हती.

त्यानं एकट्याची सीट काढली. जुन्या लांब सीटचा पत्रा अजून शाबूत होता, त्यावर नवा फोम आणि कव्हर चढवलं. फुटरेस्ट लावले. साडी गार्ड माळ्यावर सापडलं, गंजलेलं. घासून, रंग देऊन बसवलं. नियमातही ते लागतंच, मागच्या माणसाचा कपडा चाकात जाऊ नये म्हणून. पूर्वी या गार्डानं गाडी म्हातारी दिसते असं त्याला वाटायचं. आता त्यानं दोनदा हात फिरवून बघितलं, कुठं धार तर राहिली नाही ना.

रविवारी आई मागं बसली, एका बाजूला पाय सोडून. पदर आवळून खोचला आणि एक हात लेकाच्या खांद्यावर ठेवला. केर्लीच्या फाट्यावरून जोतिबाच्या रस्त्याला लागेपर्यंत ती काही बोलली नाही. डोंगरावर उतरल्यावर तिनं आधी देवळाच्या शिखराला हात जोडले, मग गाडीकडं वळून म्हणाली, "बरी चालतीय. पण तू ब्रेक लावलास की मी पुढं घसरते बघ. धरायला काय तरी लाव."

पोरानं खिशातून वही काढली.