डब्यातला रुपया आणि भिंतीवरचा तारा



सहामाही परीक्षा संपत आली आहे. शेतात भात पिवळे पडले आहे, ऑक्टोबरचे ऊन अंगाला चटके देते आहे आणि आपल्या प्राथमिक शाळेत सुटण्यापूर्वीच्या दहा मिनिटांत जपमाळेचे एक रहस्य म्हटले जात आहे. रस्त्याने जाताना लहानग्यांचे एका सुरातले ‘नमो मरिया’ कानावर पडते. ऑक्टोबर महिना जपमाळेला वाहण्याची प्रथा पोप लिओ तेरावे यांच्या १८८३ सालच्या परिपत्रकामुळे जगभर रूढ झाली, पण आपल्याकडे ती इतकी मुरली आहे की ती कोणी सुरू केली असेल असे वाटतच नाही. यानंतर मिशन रविवार, मग दिवाळीची सुट्टी, आणि पुढे सकल संतांचा सण व मृत भाविकांचा दिवस. शाळेतले हे दिवस मला फार आवडायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी या दिवसांत हात खडूसाठी शिवशिवतात.

मागच्या आठवड्यात शाळेतल्या एक तरुण बाई घरी आल्या होत्या. मिशन रविवारसाठी वर्गात डबा ठेवायचा आहे, म्हणाल्या, सोबत तक्ता लावू का? कोणी किती आणले ते मुलांना दिसले की चुरस लागते, डबा लवकर भरतो. मी म्हटले, विचार करून सांगते. हा लेख म्हणजे ते उत्तर. थोडे लांबलेले आहे, कारण या प्रश्नाशी माझी जुनी ओळख आहे.

२००३ सालची गोष्ट. मी तेव्हा दुसऱ्या एका धर्मग्रामातील शाळेत तिसरीला शिकवत होते. मिठाईचा पत्र्याचा डबा, झाकणाला पाडलेली फट, बाहेरून चिकटवलेले बाळ येशूचे चित्र. भिंतीवर मी हौसेने तक्ता केला होता. प्रत्येक मुलाचे नाव आणि दर पाच रुपयांमागे चमकीच्या कागदाचा एक तारा. जास्तीत जास्त तारे मिळवणाऱ्याला कंपासपेटी. कल्पना माझीच, कोणी सांगितली नव्हती, आणि मला तिचा अभिमानही होता. पहिल्याच आठवड्यात डबा जड झाला. त्या वेळी चार आण्याचे नाणे चालत होते (ते पुढे २०११ साली बंद झाले). मुले मुठीत घट्ट धरून आणत, नाणी घामाने ओली असत.

वर्गात एक मुलगा होता. आईवडील नव्हते, आजीजवळ राहायचा. आजी गजरे करून विकायची. त्याच्या नावापुढे एकही तारा नव्हता. एके दिवशी त्याने वीस रुपयांची नोट आणली. मी चार तारे लावले, वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. एवढे पैसे कुठून आणलेस, असे मी विचारले नाही. हे मी आजही स्वतःला माफ केलेले नाही. बाई म्हणून दहा वर्षे काढलेल्या माणसाला हा प्रश्न सुचायला हवा होता. तो सुचला नाही, कारण मलाही डबा भरायला हवा होता.

दोन दिवसांनी आजी शाळेत आली. रागावलेली नव्हती. ती नोट तिने तांदळाच्या डब्यात दडवून ठेवली होती. २ नोव्हेंबरला नवऱ्याच्या कबरीवर लावायच्या मेणबत्त्यांसाठी. मी पर्स उघडली, तर तिने हात धरला. “बाई, देवाच्या डब्यात पडलेले पैसे मी नाय परत घेणार. फक्त त्याच्या नावापुढचे तारे काढू नका. काढले तर वर्गात सगळ्यांना कळेल.”

ती गेली आणि मी तक्त्यासमोर उभी राहिले. तारे ठेवले तर भिंतीवर खोटे राहते. काढले तर एक आठ वर्षांचे पोर वर्गात चोर ठरते. शिवाय पहिल्या क्रमांकावर एक मुलगी होती, तिने दररोज खाऊचा रुपया न खाता आणला होता. वीस रुपयांनी तो तिच्या अगदी जवळ आला होता. मी मुख्याध्यापिका सिस्टरांना विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा तक्ताच काढून टाकला आणि जाहीर केले की बक्षीस रद्द. एकाला वाचवण्याची ती वाट मला सोपी वाटली.

त्या मुलीने हात वर केला. “बाई, मग मी कशाला आणले?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. ती लोभी नव्हती, चांगली मुलगी होती. तिला तसा प्रश्न विचारायला मीच शिकवले होते. तीन आठवडे तिला मी सांगत होते की रुपया टाक म्हणजे तारा मिळेल. आता तारा नाही म्हटल्यावर रुपया कशासाठी, हे तिचे म्हणणे अगदी बरोबर होते.

सिस्टरांना कळले तेव्हा त्या रागावल्या. तक्ता लावल्याबद्दल नव्हे, काढल्याबद्दल. त्यांचे म्हणणे खोडून काढणे आजही मला सोपे वाटत नाही. त्या म्हणाल्या, लहान मूल निर्मळ हेतूने जन्माला येत नाही. आधी सवय लागते, हेतू मागून येतो. आपण मोठी माणसे तरी रविवारी मिस्साला येतो ती केवळ देवाच्या प्रेमापोटी का? थोडी सवय, थोडी शेजाऱ्यांची लाज. ग्रीक तत्त्वज्ञ अरिस्टॉटलनेही म्हटले आहे की न्यायाची कामे करत करतच माणूस न्यायी होतो. आणि प्रभू येशूने तरी बक्षिसाला कुठे नकार दिला? मत्तयच्या सहाव्या अध्यायात डाव्या हाताला कळू न देता दान करायला सांगितल्यावर लगेच पुढे म्हटले आहे की गुप्तपणे पाहणारा पिता त्याची फेड करील. फेड आहेच की! शेवटी त्यांनी व्यवहाराचे सांगितले: तक्ता गेल्यावर डबा निम्माच भरला. तो पैसा बिशप हाऊसमार्फत गरीब धर्मप्रांतांकडे जातो, तिथे त्यातून शाळा उभ्या राहतात, सेमिनरीतल्या मुलांचा खर्च भागतो. तुमच्या नाजूक मनापायी कोणाची तरी निम्मी भाकरी कमी झाली.

डबा निम्मा भरला हे खरे होते. इतकी वर्षे मी हा हिशेब डोक्यात घेऊन फिरते आहे.

निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा या डब्यांचा इतिहास शोधला. फ्रान्समधील ल्यों हे रेशमाचे शहर. तिथल्या रेशीम कारखानदाराची मुलगी पोलिन जारिको. १८२२ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी तिने प्रेषितकार्याला मदत करणारी संस्था उभी केली. पद्धत साधी: दहा जणांचा गट, प्रत्येकाने आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी किरकोळ नाणे द्यायचे. कामगार बायकाही देऊ शकतील एवढेच. पुढे नान्सीचे बिशप फोर्बँ-जान्सों तिच्याशी बोलले आणि १८४३ साली त्यांनी मुलांसाठी होली चाइल्डहुड सुरू केली. मुलांनी दररोज एक ‘नमो मरिया’ म्हणायचे आणि महिन्याला एक सू द्यायचा. या दोन्ही संस्थांना १९२२ साली पोप पायस अकरावे यांनी परमधर्मपीठाचा दर्जा दिला. मिशन रविवारही त्यांनीच १९२६ साली ठरवला, ऑक्टोबरचा शेवटून दुसरा रविवार.

मला थांबवले ते त्या एका ‘सू’ने. सर्वांचा वाटा सारखा. जिथे वाटा सारखा, तिथे पहिला क्रमांक येणार कुठून? श्रीमंताच्या मुलाला पुढे जाता येत नाही, गजरेवालीच्या नातवाला मागे पडण्याचे कारण नाही. आणि पैशाच्या आधी प्रार्थना, तीही दररोज. पैसा मात्र महिन्यातून एकदाच. आपण नेमके उलटे केले आहे. (पोलिनचा स्वतःचा पैसा पुढे बुडाला. १८६२ साली ती कंगाल अवस्थेत वारली. २०२२ साली ख्रिस्तसभेने तिला धन्यवादित घोषित केले. तक्त्यावर तिला शेवटी किती तारे मिळाले असते कोण जाणे!)

सिस्टरांच्या फेडीच्या मुद्द्यावर मी पुष्कळ विचार केला. फेड आहे, पण ती बघणारा एकच आहे. मार्कच्या बाराव्या अध्यायात येशू मंदिरातील दानपेटीसमोर बसून पाहतो आणि विधवेच्या दोन नाण्यांचे कौतुक शिष्यांना जवळ बोलावून करतो. त्या बाईला ते ऐकू गेले असे शुभवर्तमानात कुठेही नाही. तिला वर्गाची टाळी मिळाली नाही. सवयीबद्दल मात्र सिस्टरांचे बरोबर आहे, सवय आधी येते. पण कसली सवय, हे विचारायला हवे. माझ्या तक्त्याने मुलांना देण्याची सवय लागली नाही, शेजारच्याच्या नावापुढे बघण्याची लागली. अरिस्टॉटलचे वाक्य तिकडेही तेवढेच लागू पडते.

आणखी एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानातही आली नव्हती. वर्गात अन्य धर्मीय मुलेही होती. त्यांची नावेही त्या तक्त्यावर होती. त्यांच्या आईवडिलांना मी कधी विचारले होते? आपल्या राज्यघटनेच्या २८व्या कलमानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेनेही २०२४ साली आपल्या शाळांना सांगितले की इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर आपल्या प्रथा लादू नका. नुसता डबा ठेवला तर कोणी लादले असे म्हणणार नाही. पण नावापुढची मोकळी जागा रोज सगळ्या वर्गाला दिसत असेल, तर ते लादणेच आहे, आणि ते आपल्या मुलांवरही तितकेच आहे. जे न देण्याची मोकळीक नाही, त्याला दान म्हणावे की फी?

हल्ली काही ठिकाणी डबाही राहिलेला नाही. पालकांच्या मोबाईलवर क्यूआर कोड येतो, बाबा ऑफिसातून पैसे पाठवतात आणि मूल वहीत लिहिते ‘मी शंभर रुपये दिले’. हिशेबाला सोयीचे आहे, मान्य. पण त्या मुलाच्या हातून काहीच सुटले नाही. खाऊचा रुपया मुठीतून सोडताना बोटे किती हळू उघडतात ते मी पाहिले आहे.

तर बाई, तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. तक्ता नको. डबा दाराजवळ, मुलांच्या उंचीवर ठेवा, तुमच्या टेबलावर नको. कोण टाकतो आणि कोण नाही, तिकडे पाहू नका. सगळ्या वर्गाची मिळून रक्कम सांगायला हरकत नाही, ती कुठे जाते ते नकाशावर जरूर दाखवा. डबा अर्धाच भरेल, तेव्हा सिस्टरांसारखे कोणी तरी तुम्हाला बोलेल, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नसेल. उरलेला अर्धा भरण्याचे काम मोठ्यांचे आहे, ते आठ वर्षांच्या मुलांकडून चुरस लावून करून घेऊ नये, एवढेच मला वाटते. पालकांनी मुलाला द्यायचेच असेल तर शाळेत निघताना नाणे हातात द्यावे आणि ते टाकले का, हे संध्याकाळी विचारू नये.

त्या आजीला मी त्या वर्षी मेणबत्त्या नेऊन दिल्या. तिने पैसे घेतले नव्हते, मेणबत्त्या घेतल्या. २ नोव्हेंबरला संध्याकाळी दफनभूमीत तिचा नातू ओंजळीचा आडोसा करून एकेक वात पेटवत होता, वारा फार होता. मला पाहून तो आधी आजीमागे लपला. मग एक मेणबत्ती माझ्याकडे धरून म्हणाला, “बाई, ही तुम्ही लावा.” त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र माझ्याकडून द्यायचे राहिले. पुढच्या वर्षी ती चौथीत गेली, तिचा वर्ग दुसऱ्या बाईंकडे होता.